कळवतो म्हणावं

उजव्या हाताचा पंजा वर करायचा, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "कळवतो म्हणावं." लातूरला डाळमिलच्या मागच्या आमच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे आले की मामींना हमखास बोलावणं असायचं, ते एवढ्यासाठीच. त्या कुणाच्याच सख्ख्या मामी नव्हत्या. पोहे खाऊन पाहुणे उठायचे, मुलीचा बाप आनंदाच्या भरात होकार देऊन टाकणार, तेवढ्यात हा पंजा वर. स्थळ कितीही पसंत असो, लगेच हो म्हटलं की आपली किंमत जाते, हे त्यांचं ठाम मत.

भाजीवाल्याचीही सुटका नव्हती. "मेथी देऊ का, मामी?" "कळवते." तो बिचारा गाडा ढकलत गल्लीच्या टोकाला पोचला की मग मागून हाक. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच.

लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून मी घरी बसले होते. पहिल्या नोकरीचा फोन आला तेव्हा मामींच्या ओट्यावर शेंगा फोडत होते. नांदेडची लॅब. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तुमची निवड झालीय. येताय ना?" माझ्या तोंडात हो तयारच होतं. समोर पंजा वर! आणि मी, एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारी, चक्क म्हणाले, "कळवते, मॅडम."

"शाब्बास! आपली नड दाखवायची न्हाई," मामी म्हणाल्या. "लॅब काय पळून चाललीय?"

"पण मामी, नड हायच की!"

"हाय ना. दाखवायची कामून?"

झालं, माझा जीव टांगणीला. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. ही नोकरी हातची गेली तर पोह्यांचा ट्रे आता मलाच धरावा लागणार होता. चहा केला, साखर विसरले. फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. लगेच फोन केला तर हावरी दिसेन का? उद्या केला तर गरजच नाही असं वाटेल का? आणि तोवर दुसरीच कुणी घेतली तर? नोकरीचा विचार किती वेळ करायचा असतो, हे कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मामींचा असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी स्वतःच दारात. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"केलास का गं फोन?"

"तुम्हीच तर म्हणालात..."

"लाव आधी. माझ्यासमोर लाव."

मामी उंबऱ्यावर टेकल्या. "लग्नाआधी मला अंगणवाडीत बाई म्हणून घेत होते. घरी यिऊन इचारलं. माझा बाप म्हणला, कळवतो." पिठाचा हात त्यांनी पदराला पुसला. "अजून कळवायलेत."

मी फोन लावला. जागा होती. माझ्याआधी मामीच रडल्या.

नांदेडला खोली घेतल्यावर मी दर फोनला म्हणायचे, "मामी, या ना चार दिवस. आपण गोदावरीवर जाऊ."

"कळवते गं."

मी आपली वाट बघत राहिले. मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. त्या आल्याच नाहीत, याचं वाईट अजून वाटतं.

परवा सुट्टीत गल्लीत गेले होते. भाजीवाला त्यांच्या बंद दारासमोर जरा थांबला, मग गाडा ढकलत निघाला. टोकाला पोचल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं.