श्वास मोजत ऐकणारी सिस्टर

शनिवार-रविवार मी अमरावतीहून अकोल्याला जाते. परदेशात नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसचा तिथे एक छोटा क्लास चालतो. त्यांना इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेची तयारी करून देणं हे माझं काम. मी फारशी बोलकी नाही. रेकॉर्डिंग लावायचं, उत्तरं तपासायची, एवढंच असेल असं वाटून मी ते धरलं होतं.

एका बॅचमध्ये नांदगाव खंडेश्वरकडची एक सिस्टर होती. वयाने माझ्यापेक्षा बरीच मोठी, अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला. वाचन, लेखन, बोलणं, सगळ्यात ती पास झाली होती. ऐकण्यात मात्र दोनदा नापास. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. तिसऱ्यांदा नाही जमलं तर तिला परदेशी नोकरी लावून देणारा एजंट तिची फाइल बंद करणार होता, आणि मग स्कॉटलंडच्या दवाखान्यातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

माझी एक पद्धत होती. रेकॉर्डिंग लावायच्या आधी मी त्यातला मजकूर स्वतः वाचून दाखवायचे, सावकाश आणि स्पष्ट, शाळेत आम्हाला शिकवलं तसं. सगळ्यांना सगळं समजायचं. मग रेकॉर्डिंगमधला माणूस बोलायला लागला की खोलीभर पेन थांबायचे.

एका रविवारी मी वाचायला सुरुवात केली, तर सिस्टरने हात वर केला.

"मॅडम, राग नका मानू. तुमी वाचून नका दाखवू."

"का?"

"तुमचं पूरं समजते. पन मंग तुमचाच आवाज डोक्यात बसते. त्यो बाबा बोलाले लागला का मी त्याच्यात तुमाले धुंडतो."

कुणीतरी हसलं. सिस्टरने सरळच विचारलं, "तुमाले तरी समजते का मॅडम, हा मानूस? कागद न पाहता?"

तो माणूस स्कॉटलंडमधल्या ग्लासगोकडचा होता. घरी मी मजकूर आधी वाचला होता, मगच ऐकलं होतं. नेहमी तसंच करायचे. बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेली मी, आणि मला कागद आधी वाचावा लागतो हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"अर्धंच समजतं," मी म्हणाले.

"मंग या, बसा बाकावर," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

मी खरंच बसले. कागद पालथा ठेवून रेकॉर्डिंग लावलं. सिस्टरने लिहायला पेन उचललाच नाही. डोळे मिटून तिने एका हाताने स्वतःचं दुसरं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

नंतर विचारल्यावर तिने सांगितलं. पेशंटचे श्वास मोजायचे असतील तर त्याला कळू द्यायचं नसतं, नाहीतर तो वेगळाच श्वास घेतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि लक्ष छातीकडे ठेवायचं. मेळघाटात तिची ड्युटी होती तेव्हा कोरकू आदिवासी बाया यायच्या. सुरुवातीला तिला त्यांचा एक शब्द कळत नसे.

"मी मनगट धरून बसो नुसती. बाई कोठी थांबते, कोठी दम घेते, कोठी जोर देते. आठ-पंधरा दिवसानं तिचं बोलनं कसं चालते ते ध्यानात ये. मंग शब्द आपोआप सुटे होत. इथं आल्यावर म्या हे काहून नाई केलं, काय मालूम. इंग्रजी म्हटलं का मी परीक्षेलेच बसतो."

तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा मनगट. चौथ्यांदा ती त्या माणसाच्या बरोबर श्वास घेत होती. तो थांबण्याच्या क्षणभर आधी तिचा श्वास थांबायचा. पाचव्यांदा तिने पेन उचलला आणि दहापैकी आठ उत्तरं बरोबर लिहिली. मीही लिहिली होती, माझी सहा बरोबर आली. मी माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी इंग्रजी शब्द ऐकत होते, बोलणारा माणूस मला कधी ऐकूच आला नव्हता.

महिनाभर आम्ही तसंच केलं. आयरिश बाई, ऑस्ट्रेलियन म्हातारा, नायजेरियन डॉक्टर. आधी वाचून दाखवणं मी बंद केलं. परीक्षा नागपूरला झाली. निकालाच्या दिवशी ती ड्युटीवरून तशीच क्लासला आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पास. चारही विषयांत सगळ्यात जास्त गुण ऐकण्यात.

"कोण बोलत होतं परीक्षेत?" मी विचारलं.

"कोनती बाई होती, देश नाई समजला. पन तिले दमा असन, मॅडम. वाक्याच्या मधातच दम घे. पयली दोन-तीन वाक्यं मी सोडूनच देल्ली, तिची चाल समजून घेतली. मंग उत्तरं लागली बरोबर."

"आणि त्या वाक्यांतले प्रश्न?"

"गेला एक," ती म्हणाली. "जाऊ द्या ना."