दोन अंगठ्यांचा मोजा

उन्नूरच्या डाव्या हाताची बोटं गेल्या हिवाळ्यात ऐन खेळात तिला सोडून गेली. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, अख्खं खोरं बघत असताना.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तळ्यावर बीअरची शर्यत असते. शर्यत म्हणायची एवढंच, धावायचं नसतं. एका हातात काठोकाठ भरलेला बीअरचा ग्लास, दुसऱ्या हातात लगाम, आणि घोड्याला ट्योल्टच्या चालीत बर्फावरून पल्याडच्या काठाला न्यायचं. या चालीत घोड्याचे चार पाय एकामागून एक असे पडतात, की ताल तुटत नाही, आणि वर बसलेल्याच्या पोटातलं पाणीही हलत नाही. ज्याच्या ग्लासात जास्त उरली तो जिंकला. उन्नूर एकतीस वर्षं या शर्यतीत उतरत होती. सहा वेळा जिंकली होती. न जिंकलेल्या वर्षीही ग्लास तिने कधी भरलेला परत दिला नाही.

गावच्या शाळेत तिने उभा जन्म स्वयंपाक केला. तळ्याच्या काठावर टाळ्या वाजवणाऱ्यांतला निम्मा गाव तिच्या हातचं मटणाचं सूप खाऊन वाढलेला. त्यामुळे ती घोड्यावर बसून समोर आली की नाटकातल्या मुख्य बाईचा प्रवेश झाल्यासारखी काठावर कुजबुज व्हायची. तिलाही ते ठाऊक होतं, आणि मान थोडी जास्तच ताठ व्हायची.

गेल्या वर्षी थंडी फार नव्हती, पण ओला बर्फ आडवा मारत होता. हातमोजा भिजला आणि बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, बधिर पडली. तिचा घोडा मोल्डी तिच्या करंगळीच्या शब्दावर चालणारा. करंगळीकडून काही येईना, तेव्हा बाईला डुलकी लागली असं त्याला वाटलं असावं. त्याने आपल्या मनाने दुडकी धरली आणि सगळी बीअर उन्नूरच्या स्वेटरच्या गळ्यातून आत गेली. लोक हसले. सगळ्यांत जास्त उन्नूर हसली. पण तबेल्यात खोगिराचा पट्टा तिला सोडवेना, तो तिच्या थोरल्या भावाने, केटिलने सोडवला. तेव्हा ती हसत नव्हती.

"रक्तवाहिन्या आखडतात," डॉक्टर म्हणाली. "हात गरम ठेव आणि कोरडा ठेव. जमत नसेल तर हिवाळ्यात घोडा सोड."

घरी आल्यावर उन्नूरने केटिलला सांगून टाकलं. "मला लगाम कळत नसेल, तर मी मोल्डीवर बसणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. येत्या वर्षी पुन्हा बोटं गेली, तर घोड्यावरून उतरेन ती कायमची."

केटिल चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस. त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि तिचा डावा हात घेऊन एकेक बोट तपासलं.

यंदा जानेवारी लागताच मोज्यांचा शोध सुरू झाला. तालुक्याच्या गावात घोड्यांच्या सामानाचं दुकान डीसाचं. डीसा शाळेत असताना सूपमधले सलगम बाजूला काढायची, हे उन्नूर विसरली नव्हती. डीसाने नऊ जोड मांडले.

"असं नाही कळायचं," उन्नूर म्हणाली. "बादलीत बर्फाचं पाणी आण. आणि एक लगाम काढ. तू घोडा हो."

"मी?"

"डोळे मीट आणि दोन्ही टोकं धर. मी लगामातून काय सांगते ते सांग."

डीसाने निमूटपणे डोळे मिटले. गिऱ्हाईक आलं तेही हात खिशात घालून बघत उभं राहिलं. पहिला जोड आत तारा असलेला, बॅटरीवर गरम होणारा. उन्नूरचे हात दोन मिनिटांत पावासारखे ऊबदार झाले.

"काय म्हणाले मी?"

"काहीच ऐकू नाही आलं," डीसा म्हणाली. "थांबू की जाऊ?"

"डावीकडे वळ म्हणाले होते."

"मग मी गवत खाते आता."

दुसरा जोड पातळ चामड्याचा. त्यात करंगळी नुसती विचार करायची आणि डीसा मान वळवायची. पण बादलीत हात बुडवला तर तीन मिनिटांत पाणी आत. तिसरा वॉटरप्रूफ, त्याची बोटं इतकी जाड की मूठच मिटेना. चौथा, पाचवा... कुणी ऊब द्यायचा, कुणी कोरडं ठेवायचा, कुणी लगाम कळू द्यायचा, तिन्ही मिळून एकाला जमेना. नववा झाल्यावर डीसाने डोळे उघडले.

"उन्नूर, यातला एकही मी तुला विकणार नाही."

"वाईट दुकानदार आहेस तू."

"आणि चांगला घोडा," डीसा म्हणाली. "बस, कॉफी घे."

घरी केटिलने आपला उपाय तयार ठेवला होता. मासे कापतानाचे नारिंगी रबरी मोजे. "माझ्या बोटांनी सगळी वर्षं यातच काढली. दहाच्या दहा आहेत, मोजून घे."

"तू कॉड माशाला लगाम नव्हतास लावत."

तरी तिने ते घालून तबेल्याला एक फेरी मारली. आत घाम आला, घाम गार पडला, आणि बोटं नेहमीपेक्षा लवकर गेली. केटिलने मोजे परत खुंटीला लावले.

मग तिने स्वतःच विणायला घेतलं. मेंढीची लोकर हाताने वेगळी केली. वरचे लांब, राठ केस, ज्यांच्यावरून पाऊस घसरून जातो, ते एकीकडे, आणि आतली मऊ, गरम लोकर दुसरीकडे. आतला थर मऊ लोकरीचा, वरचा लांब केसांचा. चार बोटं एकत्र जातील असा पिशवीसारखा मोजा, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. खोट एकच होती. लगाम करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधून जावा लागतो, आणि पिशवीत ती दोघं एकत्र. "तोंडात घास ठेवून बोलल्यासारखं होईल," ती म्हणाली, "पण गप्प बसण्यापेक्षा बरं."

चार दिवस रेडिओ ऐकत, खिडकीशी बसून तिने मोजा पुरा केला आणि नाश्त्याच्या टेबलावर टाकला. केटिल वाळवलेल्या माशाला लोणी लावत होता. तो थांबला.

"हा कुणासाठी?"

"माझ्यासाठी. दिसत नाही?"

"मग तू कधीपासून मासे धरायला निघालीस?"

उन्नूरने पाहिलं. मोज्याला दोन अंगठे होते. एक इकडे, एक तिकडे.

बोटीवरच्या माणसाचा मोजा तसाच असतो. दोरी ओढून तळहाताची बाजू भिजली, झिजली, की मोजा फिरवून घालायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा. उन्नूर सातव्या वर्षापासून वडिलांसाठी, मग तीन भावांसाठी असेच विणत आली होती. डोकं रेडिओकडे होतं, आणि हातांनी त्यांना येत होतं तेच केलं.

केटिल इतका हसला की लोणी बाहीला लागलं. उन्नूर आधी चिडली, मग तीही हसायला लागली.

"उसवते," ती डोळे पुसत म्हणाली.

"शर्यतीला नऊ दिवस आहेत. उसवशील कधी आणि विणशील कधी? दे इकडे. घट्ट करून देतो. जास्तीचा अंगठा नंतर काप."

त्याने मोजा हातात चढवला, गरम साबणपाण्यात बुडवला आणि परातीत दोन तास दाबून दाबून घासला, पूर्वी बोटीवर करायचे तसा. लोकर आक्रसून नमद्यासारखी घट्ट झाली. वरून पाणी ओतलं तर थेंब गोल होऊन पळाले.

तिसऱ्या दिवशी मोजा वाळला. ती तबेल्यात गेली, मोल्डीवर खोगीर घातलं आणि स्वार झाली. रिकामा अंगठा बाजूला लोंबत होता. तिने लगाम घेतला, मूठ मिटली, आणि कोणी न सांगता तिची करंगळी जागा शोधत त्या रिकाम्या अंगठ्यात जाऊन बसली. आक्रसल्यामुळे तो तिच्याच मापाचा झाला होता. लगाम बरोबर मधल्या खाचेत उतरला.

तिने करंगळी जराशी दाबली. मोल्डीचा डावा कान मागे वळला.

"केटिल," तिने हळूच हाक मारली. केटिल गवत टाकत होता. "कात्री आणू नकोस."

शर्यतीच्या दिवशी पुन्हा ओला बर्फ. उन्नूरला वाटलं, आभाळानेही तोच पडदा लावलाय. चौदा घोडे रांगेत उभे राहिले. ट्रकवरचा भोंगा हाती धरलेला माणूस कुणाला टोमणा मारल्याशिवाय सोडत नव्हता.

"ही उन्नूर. यंदा बीअर ग्लासातूनच पिणार आहे, असं कळतं. आणि हातात काय आहे, खेकडा?"

काठ हसला. उन्नूरने खेकडा उंच करून दाखवला, उजव्या हातात ग्लास घेतला आणि निघाली.

तळ्याच्या मध्यापर्यंत बर्फाचे फटकारे बसत होते. जिथे गेल्या वर्षी बोटं गेली, तिथे ती आली आणि वाट बघत राहिली. लोकर वरून पांढरी झाली होती, आतमध्ये कोरडं होतं. शेजारचा घोडा घसरला, त्याच्या स्वाराची बीअर उडाली, मोल्डी बिचकला. तिने करंगळीने एवढंच म्हटलं, काही नाही रे. त्याने ऐकलं. चार पाय पुन्हा आपल्या तालात पडू लागले. तिच्या ग्लासातल्या फेसालाही या गडबडीची खबर लागली नाही.

पल्याड पोचल्यावर मोजमाप झालं. खालच्या शेतावरच्या एका तरुणाची बीअर तिच्यापेक्षा बोटभर जास्त निघाली. उन्नूर दुसरी. तिने त्याचं अभिनंदन केलं, आपला ग्लास एका दमात संपवला आणि बाहीने ओठ पुसले. गर्दीतून वाट काढत डीसा आली. उन्नूरच्या हातावरचा मोजा वाकून निरखत तिने विचारलं, असे वीस जोड दुकानात ठेवले तर चालेल का.

"ते केटिलला विचार," उन्नूर म्हणाली. "घासणारा तो आहे."

केटिल थर्मास घेऊन उभा होता. गर्दी सूपच्या तंबूकडे वळली, तेव्हा तो घोड्याजवळ आला. "मोजा काढ. बोटं दाखव."

"नंतर."

"नंतर कशाला? गरम आहेत का सांग."

"गरम आहेत. आणि अजून सगळं कळतंय," उन्नूर म्हणाली, आणि मोल्डीचं तोंड फिरवून, रिकाम्या तळ्यावरून, आल्या वाटेने परत निघाली.