पाण्याला वळसा

अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा इलाज संपला तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. चालत राहा, पण सपाट जागेवर. औषधांनी तिच्या तळपायांची जाण कमी झाली होती. पाय कुठं पडतोय ते तिला खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही.

आमचं कापडाचं दुकान दिंद्रुडच्या बाजारात. घर त्याच्याच मागं. अक्का आधी घरापासून दुकानाच्या पायरीपर्यंत चालायला लागली, मग पिठाच्या गिरणीपर्यंत, मग शाळेपर्यंत. एका संध्याकाळी साड्यांच्या घड्या घालताना ती मला म्हणाली, "मला एकदा दिवसभर चालायचंय. सकाळी निघायचं आन् उन्हं उतरोस्तर चालायचं."

"कुठं?"

"धरणाच्या फुगवट्याकडं. पाणी मागं सरलं की तिथं लई पाखरं येतात म्हणं. सपाट बी हाय."

त्या पाणथळीचा एक भाग वनखात्यानं पक्ष्यांसाठी राखून ठेवलाय, हे मला ठाऊक होतं. कुणी तिथं चालत गेल्याचं मात्र ऐकलं नव्हतं. थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, ते ऐकलं आणि हातातला कापड मोजायचा गज तसाच धरून विचारलं, "कोणता देव हाय तिथं?"

"देव न्हाई," अक्का म्हणाली.

"मग कावून जायचं?"

"चालायला."

दादांना हे काही केल्या पटेना. गाडीनं नेतो, पाखरं दाखवतो, तासाभरात परत आणतो, असं ते दोन दिवस समजावत राहिले. अक्कानं वाद घातला नाही. ती सरळ बेत आखायला लागली.

वनरक्षकाला फोन मी लावला. आम्हाला चालत यायचंय हे त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्यानं नीट वाट सांगितली. अलीकडच्या गावापासून काठाकाठानं निघायचं, मधल्या बांधावरून जायचं आणि पलीकडच्या, पाखरं बघायच्या मनोऱ्यापाशी बाहेर पडायचं. ओल्या गाळात पाय घालायचा नाही, घरट्यांजवळ जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. दादांनी गाडी घेऊन मनोऱ्यापाशी थांबायचं, असं ठरलं. तेवढं काम अंगावर आल्यावर ते जरा निवळले.

खरी अडचण निराळीच होती. त्या माळावर आडोसा म्हणून काही नाही. दोन बायांनी दिवसभर करायचं काय? हे कुणाला विचारायचीही सोय नव्हती. शेवटी अक्कानंच तोड काढली. दोन मोठ्या काळ्या छत्र्या आणि एक जुनी चादर. "ऊन बी लागत न्हाई आन् भिंत बी होती," ती म्हणाली, आणि आम्ही दुकानात कितीतरी वेळ हसत बसलो. तिच्यासाठी मी पायात घट्ट बसणारे बूट आणले. ते घालून ती आठवडाभर गल्लीतून फिरली. बायका दारात येऊन बघायच्या. ती त्यांच्याकडं बघून हात करायची.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी दादांनी आम्हाला काठावरच्या गावात सोडलं. धपाटे, दही, गुळाचे खडे आणि पाणी पाठीवर घेऊन आम्ही निघालो. उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर लोकांनी हरभरा पेरला होता. त्याच्यापलीकडं नुसतं पाणी आणि आभाळ. लांब लाल पायांचे पक्षी उथळ पाण्यात उभे होते. अक्का खाली बघून पाय टाकायची, मग थांबून वर बघायची. असंच करत आम्ही दुपारपर्यंत छान पुढं आलो.

तिथं वाटच संपली. पाणी अजून हटलं नव्हतं. वनरक्षकानं सांगितलेल्या बांधावरून ते अल्लाद वाहत होतं. मनोरा समोर दिसत होता, पण मध्ये पाणी. वळसा घ्यायचा तर पार हरभऱ्याच्या रानांमागून जावं लागणार होतं. अक्का अलीकडच्या कोरड्या जागेवर बसली. तिचा चेहरा ओढलेला दिसत होता. मी फोन काढला.

"दादांना इकडंच बोलावते. रानातून गाडी येईल."

"आली तर मी बसणार न्हाई."

"अक्का, लांब पडंल गं."

"पडू दे. इलाजाला न्यायचे तवा मला उचलून गाडीत घालायचे. आज न्हाई."

मी फोन ठेवून दिला. आम्ही धपाटे खाल्ले, ती थोडी आडवी झाली आणि मग उठली. वळसा लांबच होता. ढेकळांतून चालताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, सपाट काठ लागल्यावर काढून घेतला. आता ती एकेक पाय बघून टाकत होती. एकदा अडखळून गुडघ्यावर आली, तर मी हात द्यायच्या आत उभी राहिली आणि लुगड्याची माती झटकून पुढं निघाली.

मनोरा जवळ आला तसे दादा आम्हाला दिसले. त्यांनाही आम्ही दिसलो असणार, कारण ते वाट सोडून आमच्याकडं पळतच सुटले. अक्कानं छत्री उंच धरली.

"तिथंच थांबा!" ती ओरडली. मोठ्यानं बोलायचं नाही हे ती साफ विसरली होती. पाण्यावरून बदकांचा अख्खा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला. दादा होते तिथं थांबले. उरलेलं अंतर अक्का एकटी चालली. मी मुद्दाम मागं राहिले. तिनं मनोऱ्याच्या खांबाला तळहात लावला आणि वळून माझ्याकडं बघितलं. इतकी ताठ उभी राहिलेली अक्का मी तिच्या आजारपणाआधीही कधी पाहिली नव्हती.

दादांनी खाली बसून तिच्या बुटांचे बंद सोडले.

येताना आम्ही रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला थांबलो. भजी तळणाऱ्या माणसाला, शेजारच्या बाकावरच्या दोघा ट्रकवाल्यांना, कुणी विचारलं नसताना दादा सांगत सुटले, "ह्या त्या काठापासून चालत आल्यात! पायी!"

"पाण्याला वळसा घालून," अक्का भजं मोडत म्हणाली. "तेबी सांगा की."

दादांनी तेही सांगितलं.