टिपकागदावरचा डाग

दत्ताराम गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुनंदानं, फोनवर कळवलं. "काका, बाबा गेले..." एवढंच. मी 'अरेरे' म्हणालो, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज दोन महिने झाले तरी जात नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. ट्रॉम्बेकडच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात मी केमिस्ट, गिरगावचा. दत्ताराम कांबळे नायगावच्या बीडीडी चाळीतला, भट्टीवरचा ऑपरेटर. डांबरासारखं जड तेल तापवून त्यातून डिझेल काढायचं. जास्त तापवलं तर डिझेल जास्त, पण नळ्यांत कोळसा धरायचा आणि भट्टी बंद पडायची. म्हणून साहेब लोक भिऊन आच कमीच ठेवत. दत्ताराम मात्र खाली उरलेल्या तेलाचा थेंब टिपकागदावर टाकायचा. डाग सारखा पसरला की म्हणायचा, "अजून सोसतंय रे." मधे काळं वर्तुळ उमटलं की, "बास, आता चिडलं." त्या थेंबाच्या भरवशावर आम्ही आच हळूहळू चढवली आणि तेवढ्याच तेलातून डिझेल जास्त निघू लागलं.

अहवाल इंग्रजीत, म्हणून मी लिहायचा. नेमका त्याच आठवड्यात दत्ताराम सत्याग्रहात पकडला गेला. मी माझ्या एकट्याचं नाव घातलं. तो सुटून आल्यावर म्हटलं, "तुझं नाव दिलं असतं तर चळवळीपायी नोकरी गेली असती रे." "बरं केलंस," म्हणाला, आणि डब्यातली सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली. खरं तर साहेबांनी चळवळीचं अवाक्षरही काढलं नव्हतं. "ही टिपकागदाची कल्पना कोणाची?" एवढंच विचारलं होतं, आणि मी बेधडक "माझी" म्हणालो होतो. मला बढती मिळाली, शिवाजी पार्कला ब्लॉक झाला. दत्ताराम भट्टीवरूनच निवृत्त झाला.

परवा त्याच्या घरी गेलो. सुनंदानं कपाटातून कारखान्याच्या मासिकाचा जुना अंक काढला. त्यात टिपकागदाच्या युक्तीवरचा माझा लेख, माझा फोटो. "बाबा यावर बोट ठेवून मला इंग्रजी वाचायला लावायचे," ती म्हणाली. "एकदा विचारलं, यात तुमचं नाव कुठंय? तर म्हणाले, काकांना माहीत आहे. पण त्यांना विचारू नकोस, ते कानकोंडे होतात."

तिनं विचारलं नाहीच. चहा दिला. मी तो प्यायलो आणि उठलो. जिना उतरून घरी आलो. तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून इथे लिहितो आहे... सुनंदा, ती कल्पना तुझ्या बाबांची होती.