पाहुणीचं नाव काय?

ते तीस वर्षं बस कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही कंडक्टरच राहिले. आपलं बोलणं संपलं की टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करायचे, म्हणजे समोरच्यानं आता निघावं. त्यावरून इमारतीतल्या पोरांनी त्यांना डबलबेलकाका म्हणायला सुरुवात केली. काकांना ते नाव आवडायचं. काकूंना नाही, कारण त्यांचं बोलणं अर्ध्यावर असतानाच टकटक व्हायची.

इमारत सात मजली. एक दिवस खाली लिफ्टच्या दाराशी पाटी लागली: ‘लिफ्ट फक्त रहिवासी व त्यांच्या पाहुण्यांसाठी. घरकाम करणाऱ्यांनी व सामान पोचवणाऱ्यांनी जिना वापरावा.’ खाली चेअरमनांची सही. या लोकांमुळे लिफ्टचा आरसा खराब होतो, असं कारण चेअरमनांनी तोंडी दिलं. त्या आरशासमोर सगळ्यांत जास्त वेळ स्वतः चेअरमनच उभे असायचे, ही गोष्ट वेगळी.

काका दुसऱ्या मजल्यावर राहायचे. पाटी वाचून ते घरी आले आणि म्हणाले, “हे काही बरोबर नाही.”

“मग चेअरमनना सांगा,” काकू म्हणाल्या. “मला काय सांगता? मी लावली का पाटी?”

“सांगणारच आहे. योग्य वेळ येऊ दे.”

योग्य वेळ काही येईना. काका रोज चहाबरोबर संतापायचे आणि चहा संपला की संतापही संपायचा.

त्यांच्याकडे भांडी-लादी करणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. इथलं काम आटोपून, कचरा खाली टाकून त्या सातव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायच्या. एका सकाळी लादी पुसता पुसता त्या काकूंना म्हणाल्या, “ताई, वरचं काम जातंय बघा. रोज उशीर होतो ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर येणार असशील तर ये, नाहीतर तरुण मुलगी बघते.”

“अगं, मग?”

“मग काय? गुडघे नवीन कुठे मिळतात?”

इमारतीतल्या पाच घरांची कामं बाईंकडे होती, पण त्यांचं निम्मं घर त्या वरच्या एका कामावर चालत होतं, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी नुसतं काकांकडे पाहिलं. तिकीट तपासनीस बसमध्ये चढला की असंच पाहायचा. काकांनी कप खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

पाटीत पाहुण्यांना मुभा होती, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं. ते खाली लिफ्टच्या दाराशी जाऊन उभे राहिले. “चल बाई, आत हो. आजपासून तू माझी पाहुणी.”

बाई गेल्या. मग चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकीणबाई आल्या, त्याही पाहुण्या. पेपरवाला पाहुणा, पाण्याचे जार आणणारा पाहुणा. बघता बघता निम्म्या इमारतीचं काम काकांच्या पाहुण्यांच्या हाती आलं. “पुढे सरका, पुढे सरका! दार अडवू नका. सहाव्यावर कोण उतरणार?” निवृत्तीनंतर काका इतके खुश कधी दिसले नव्हते.

शेवटी एका सकाळी चेअरमन खाली आले. काका तेव्हा बाईंनाच लिफ्टमध्ये चढवत होते.

“काका, हे काय चाललंय?”

“पाहुणे आलेत.”

“तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पाहुणे सातव्यावर कसे जातात?”

“आधी इमारत दाखवतो. मग घरी नेतो.”

“हातात फडकं आणि झाडू घेऊन?”

“पाहुण्यांनी काय आणावं, ते आपण कोण सांगणार?”

वॉचमनला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यावर निभावून नेलं. चेअरमन मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “बरं,” ते म्हणाले, “या पाहुणीचं नाव काय?”

काकांनी ऐटीत तोंड उघडलं. अकरा वर्षं ही बाई घरात येत होती. ती चहात साखर घेत नाही, तिचा उजवा गुडघा जास्त दुखतो, लादी पुसताना ती गुणगुणते, सगळं माहीत होतं. नाव? त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई मुलाचा निकाल ऐकायला आल्यासारख्या उभ्या होत्या.

“सांगा ना काका,” त्या म्हणाल्या. “मलाही ऐकायचंय.”

काकांनी एक नाव ठोकून दिलं.

“ती चौथ्यावरची स्वयंपाकीण,” बाई म्हणाल्या.

“पाहुणीचं नाव यजमानालाच माहीत नाही!” चेअरमन म्हणाले. “जिना तिकडे आहे.”

बाई जिन्याकडे वळल्या. काकाही मागोमाग निघाले.

“तुम्ही कशाला येताय?”

“येतो.”

दुसऱ्या मजल्यावर स्वतःचं दार आलं. आतून चहाचा वास येत होता. काका तो वास ओलांडून वर गेले. तिसऱ्यावर त्यांनी विचारलं, “नाव... काय तुझं?”

“आधी श्वास घ्या.”

चौथ्यावर ते पायरीवरच बसले. बाईही बसल्या. “अकरा वर्षांत कधी विचारलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“तूही सांगितलं नाहीस.”

“कसं सांगणार? ‘काका, पाय वर घ्या, आणि माझं नाव अमुक’?”

पाचव्यावर त्यांनी नाव सांगितलं. काका कठड्याला धरून उभेच राहिले. इतकं सुरेख नाव आपल्या घरात लादी पुसत होतं, आणि आपण म्हणत होतो, ‘बाई, कोपरा राहिला.’

सातव्यावर डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. लालबुंद झालेले, गालावर हात धरलेले काका पाहून त्या म्हणाल्या, “दाढ का? दवाखान्यात या ना.”

“दाढ नाही... पाटी... जिना...”

“कसली पाटी?” त्यांनी खरंच वाचली नव्हती. त्या लिफ्टमधून थेट गाडीत जायच्या. “मला वाटलं, ही चालढकल करते.” त्या ओशाळल्या, पण दवाखान्याची वेळ काही ओशाळणार नव्हती. “रविवारी सभा आहे. तोवर थांबते. पुढे मात्र मला जमायचं नाही.”

रविवारी सभेत पार्किंगवरून भांडण रंगात आलं असताना काका बाईंना घेऊन आले. पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि नाव-आडनावासकट ओळख करून दिली. “या माझ्या पाहुण्या. लिफ्टच्या पाटीवर मत घ्या.”

“घेऊ की,” चेअरमन म्हणाले. त्यांना खात्री होती. एकट्यात भेटला की जो तो त्यांच्या बाजूचा होता. “पाटी राहावी असं वाटतं, त्यांनी हात वर करा.”

बाईंनी खुर्ची मागे फिरवली आणि समोर बसलेल्यांकडे पाहू लागल्या. त्यांतल्या पाच घरांची भांडी त्यांच्या हाताखालून जायची. एका गृहस्थांची बुटाची नाडी सुटली. दुसऱ्यांना चष्मा पुसायचा होता. तिसऱ्यांचा हात निम्मा वर आला आणि कान खाजवून परत गेला. शेवटी चेअरमनांचा एकट्याचा हात वर राहिला.

“खाली घ्या तो,” मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “उद्यापासून भांडी तुम्ही घासणार आहात का?”

हात खाली आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः जाऊन पाटी उतरवली. लोक खुर्च्या घडी करू लागले. काका कौतुक ऐकायच्या तयारीनं उभे राहिले होते. पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

“बसा जरा सगळे,” त्या म्हणाल्या. “काका, तुम्हीही बसा. दिवसभर या इमारतीत राबणाऱ्या आम्हा बायकांना संडासाला जागा नाही. त्याचं आता बोलू.”

काका निमूटपणे बसले.