मापाची फळी

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठायचा. आईचा उठायचा, मामाचा उठायचा आणि, खोटं कशाला बोलू, माझाही उठायचा. चौथीत असताना माझ्या अंगाला मासळीचा वास येतो असं म्हणणाऱ्या मुलीच्या तोंडावर मी पाटी हाणली होती आणि तिचा दात पडला होता. घरी आल्यावर आईने मला बडवलं ते दात पाडला म्हणून नव्हे, पाटी फुटली म्हणून.

बाबा मी सातवीत असताना तापाने गेले. त्यानंतर मामाच्या होडीची मासळी आई हर्णेच्या लिलावात उभी करायची आणि त्यावर आमची चूल पेटायची. संध्याकाळी होड्या लांब पाण्यात थांबायच्या, बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत गाड्या आत जायच्या आणि मासळी वाळूवर आली की जो ओरडा सुरू व्हायचा त्यात एखादी तरी मारामारी ठरलेली. एकदा कोलंबीच्या वाट्यावरून दोन बायकांची अशी जुंपली की एकीच्या कानातली कुडी पाळीसकट दुसरीच्या मुठीत आली. आईने त्या दोघींना पायाने बाजूला सारलं आणि बोली पुढे चालू ठेवली.

अशा घरातली मुलगी रत्नागिरीच्या कॉलेजात मासळीचंच शिकायला गेली, याचं गावाला हसू आलं. "म्हावरं आता कॉलेजात पोवतं काय गो?" असं बायका विचारायच्या. आई हसायची नाही. ती महिन्याच्या महिन्याला सुकटीचं गाठोडं एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि मी ते वसतिगृहात पलंगाखाली ठेवून सगळ्या मजल्याच्या शिव्या खायची.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. आमच्या शेवटच्या वर्षात नोटीस लागली की जपानचं सरकार बाहेरच्या देशांतल्या मुलांना आपल्या विद्यापीठांत बोलावतंय, जाण्यायेण्यासकट सगळा खर्च त्यांचा. युद्धात बेचिराख झालेला तो देश एका पिढीत उभा राहिला होता आणि आता त्याला जगभरची मुलं आपल्या वर्गात हवी होती. आमची मुलं न्हाणीघराच्या आरशासमोर कमरेत वाकायचा सराव करायला लागली. फॉर्म तीनच आले होते. त्यांच्यावरून मुलांच्या वसतिगृहात खुर्च्या उडाल्या, एकाच्या कपाळाला टाके पडले. तिसरा फॉर्म मी सरांच्या टेबलावरून उचलून ओढणीखाली धरला, आणि तो काढून घ्यायला कुणी आलं असतं तर मी चावले असते.

निवड करायला तिकडचे एक प्राध्यापक स्वतः येणार होते. त्यांना गुणपत्रिका नको होत्या, स्वतःच्या समुद्रावर वर्षभर केलेल्या नोंदी हव्या होत्या. माझ्याकडे त्या होत्या. आम्हाला जाळ्यांचं शिकवणाऱ्या सरांच्या सांगण्यावरून मी दर सुट्टीत हर्णेच्या वाळूवर पापलेटं मोजत होते. त्यासाठी कॉलेजच्या सुताराने मला सागाची फळी करून दिली होती, हातभर लांब, एका टोकाला आडवा ठोकळा आणि कडेने खिळलेली पट्टी. ठोकळ्याला मासळीचं तोंड लावायचं आणि शेपटीपाशी आकडा वाचायचा. "लग्नाची मापं घेतेस काय गो पापलेटांची?" असं बायका म्हणायच्या, आणि मी आकडा लिहायची. महिन्यागणिक आकडे खाली येत होते. बारीक भोकांच्या नायलॉनच्या जाळ्यांना सरकारची बंदी होती, तरी ती सर्रास चालायची आणि पिल्लंसुद्धा सोडत नव्हती. कुठल्या होडीतून किती पिल्लं आली तेही मी लिहिलं, होडीच्या नावासकट, आणि मामाची होडी त्यात होती. अभ्यासात लपवाछपवी करायची नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

वहीची एक नक्कल मी सरांना दिली. त्यांना माझा इतका अभिमान वाटला की ती त्यांनी सरकारी कचेरीत पाठवून दिली. त्यामागे त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तेव्हापासून चांगल्या हेतूच्या माणसांची मला धास्ती वाटते.

प्राध्यापक यायला नऊ दिवस राहिले असताना मी घरी आले होते. त्या दिवशी लिलावाच्या वेळेला त्या कचेरीतला साहेब आणि पोलीस आले. साहेबाच्या हातात कागद होता आणि त्यावरून तो होड्यांची नावं वाचत होता, मी लिहिली होती त्याच क्रमाने. जाळी ओढून वाळूवर आणली, रॉकेल ओतलं आणि पेटवली. नायलॉन वितळून काळा रस वाळूत उतरत होता. मामा जळत्या जाळ्यावर धावला, ते हातांनी ओढू लागला, आणि पोलिसाची लाठी त्याच्या डोक्यात बसली. मग वाळूवर कुणी कुणाला मारलं ते सांगता येणार नाही. बायकांनी पाट्या फेकल्या, साहेबाला कुणीतरी पाण्यात लोळवलं, एक बैल बिथरून गाडीसकट गर्दीत शिरला. मी फळी छातीशी धरून उभी होते. मामाने रक्ताने भरलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्याला कळलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीच्या आवारात गावकी बसली. मला वही आणि फळी घेऊन बोलावलं होतं. मामा डोक्याला फडकं बांधून आला होता आणि त्याच्या मांडीवर कोयता होता. त्याने एकच मागणं केलं. ज्या हाताने लिहिलं तो हात त्याला हवा होता.

आमच्या गावकीची एक रीत होती. गुन्हेगाराला शिक्षा घरच्या माणसाने द्यायची, आणि घरच्याने दिली की बाहेरच्याने त्याला बोट लावायचं नाही. घरचा म्हणजे एका चुलीवर जेवणारा. मामाची चूल वेगळी होती, आमच्या चुलीवर दोघीच जेवत होतो.

आई उठली. तिने माझ्या हातातली फळी घेतली आणि मला ओट्यापाशी ओढलं. "हात ठेव," म्हणाली. मी ठेवला नाही, तेव्हा तिने माझं मनगट धरून ओट्याच्या दगडावर दाबलं. एकच घाव घातला. आवाज फळीचा आला की हाडाचा, मला आजही ठरवता येत नाही, कारण दोन्ही मोडलं होतं. मी किंचाळले नाही, ओकले.

मग आईने माझी वही देवीपुढच्या धुनीत टाकली आणि नारळावर हात ठेवून शपथ घेतली, "पोरगी कुटं जानार नाय." मामाने कोयता उचलला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दापोलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. घरी आल्यावर मी आईशी बोलले नाही. ती भात कालवून पुढे करायची, मी ताट लाथेने ढकलायची, ती मला डाव्या गालावर मारायची आणि पुन्हा ताट वाढायची. असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी, कोंबडं आरवायच्या आधी, तिने माझी ट्रंक दारात आणून ठेवली.

"चल," म्हणाली. "तुजा तो जपानी येनार ना आज?"

"वही जाळलीस तू."

"डोकं नाय जाळलं."

आई कॉलेजच्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. व्हरांड्यात सर समोर आले, माझ्या प्लास्टरकडे बघून "अगं, हे काय झालं?" म्हणाले, आणि "ह्योच काय गो वही धाडनारा?" असं मला विचारून आईने त्यांच्या कानाखाली अशी वाजवली की त्यांचा चष्मा कुंडीत जाऊन पडला. खोलीच्या दारात जपानी प्राध्यापक उभे होते. बुटके, साठीचे, हातात चहाचा कप. त्यांनी सगळं पाहिलं होतं. या बाई कोण, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, माझा हात मोडणारी.

त्यांनी दोघींना आत बसवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, वही जळल्याचंही. मग त्यांच्या सांगण्यावरून आकडे म्हणायला सुरुवात केली. बारा महिन्यांचे आकडे मी इतक्यांदा लिहिले होते की पाढ्यासारखे येत होते. मध्येच आईने विचारलं, हा काय म्हणतोय, आणि कळल्यावर स्वतःचा हात त्यांच्या टेबलावर लांब ठेवला. लग्न होऊन आले तेव्हा पापलेट एवढं यायचं, म्हणून तिने बोटांच्या टोकापासून कोपराच्या थोडं अलीकडे दाखवलं. ही झाली तेव्हा एवढं, आता एवढं. आता ते तळव्यातच संपत होतं. प्राध्यापकांनी खिशातून टेप काढून आईचा हात तीन ठिकाणी मोजला आणि वहीत लिहिलं. आम्ही फार लवकर श्रीमंत झालो, आमचीही मासळी अशीच गेली, आणि आमच्या मुलांना आता ती कुठे होती हेच माहीत नाही, असं ते म्हणाले. दोन महिन्यांनी माझ्या नावाचं पत्र आलं.

आईने मला दापोलीच्या स्टँडवर सोडलं. मी तिच्या पाया पडले नाही. हाड वाकडं जुळलं होतं, मनगटावर सुपारीएवढा उंचवटा आला होता, आणि तो मी तिला मुद्दाम दिसेल असा खिडकीबाहेर ठेवला.

तिकडे आम्ही बारा देशांची मुलं एका इमारतीत राहत होतो आणि सगळ्यांशी सगळे अतिशय अदबीने वागत. पहिल्याच आठवड्यात बंदरावर मासळी मारायला शिकवलं. डोक्यात एका ठिकाणी सळई घालायची, मासा तडफडतसुद्धा नाही. मी डाव्या हाताने पहिल्याच वेळी बरोबर घातली. शिक्षक म्हणाले, वेदना कमी द्यायच्या तर हात डळमळता कामा नये. मला वाकून शाबासकी दिली. त्या बंदरावर मामाच्या जाळ्याच्याच जातीच्या नायलॉनचे ढीग पडलेले होते. दोन वर्षांत मी आईला तीन पत्रं पाठवली आणि तिन्हींत फक्त हवामान लिहिलं.

परत आले ती थेट वाळूवर गेले. लिलाव चालू होता. मामाची मासळी दुसरीच बाई उभी करत होती. मामाने मला पाहिलं आणि थुंकला. कान फाटलेली ती बाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुज्या आयशीला हितं कोन म्हावरं देत नाय. तू गेलीस त्या दिसापासनं. ती लांबच्या बंदरावरनं सुकट आनते नि वरच्या गावांनी विकते."

मी घरी जाऊन उंबऱ्यावर बसले. आई दिवेलागणीला आली. डोक्यावर पाटी, ती डाव्या हाताने धरलेली. मी उठून ओरडले. मला कळवलं का नाहीस, शपथ मोडायची होती तर घेतलीस कशाला, माझा हात तरी कशाला मोडलास. तिने पाटी खाली ठेवली आणि माझ्या थोबाडीत मारली. तीसुद्धा डाव्या हाताने. तेव्हा मी तिचा उजवा हात धरला. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं आणि तीन बोटं मिटत नव्हती.

"कुणी?"

"तुज्या मामानं. शपथ मोडली मी. शिक्षा नको?"

"पण घरच्यानं द्यायची ना?"

"घरात कोन व्हतं गो?" आई म्हणाली.

मी तिचा हात सोडला नाही. मी असते तर ती फळी मला हातात घ्यावी लागली असती, आणि ज्या रागात मी होते त्या रागात मी ती घेतली असती. आईला हे माझ्याआधी माहीत होतं.

"तू आसतीस तर येकात झालं आसतं," ती म्हणाली. "त्याला तीन घाव लागले. रडत व्हता तो, हात हलत व्हता त्याचा."

मग तिने मला तांदूळ काढायला सांगितला. तिला आता डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं.