दोन सवतींची चौकशी

माझ्या मोठ्या जाऊबाईंइतकी चौकस बाई अख्ख्या दिग्रसमध्ये झाली नाही, आणि होणारही नाही. त्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहेत. कुठल्या गावच्या हातपंपाची तक्रार आली, कुठे घरकुलावरून दोन भाऊ भांडले, की चौकशीला यांनाच पाठवतात, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय या कोणालाही दोषी धरत नाहीत. घरीही तेच. दूध उतू गेलं तर आधी दुधाची बाजू ऐकून घेतील, मग गॅसची, आणि तोवर ओटा पुसायचं काम माझ्याकडे. पन्नाशी गाठता गाठता त्यांना थायरॉइड निघाला आणि नेमकी त्याच सुमारास पाळी जायची लक्षणंही सुरू झाली. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. जाऊबाईंनी चौकशी लावली.

थायरॉइडचं नाव त्यांनी ‘गळेवाली’ ठेवलं आणि दुसरीचं ‘जाणारी’. “ह्या दोघी सवती हायेत,” त्या मला म्हणाल्या, “एक करते अन् दुसरीच्या नावावर ढकलते. कोण काय करून राह्यली ते मले पाहू दे.” केस गळाले ते गळेवालीच्या खात्यात गेले, झोप उडाली ती जाणारीच्या. वजनावर आणि चिडचिडीवर मात्र दोघींचा दावा होता. सगळ्यांत गुंतागुंतीचं प्रकरण विसरण्याचं. एका गावच्या सभेत बोलताना यांना सरपंचाचं नाव आठवेना, तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनाच त्यांनी हळूच विचारलं, “काहो, इथले सरपंच कोण हायेत?” ते गृहस्थच सरपंच होते. त्यांना वाटलं, आपलं पद गेलं आणि आपल्यालाच कोणी कळवलं नाही. बिचारे सभा संपेपर्यंत पाण्याचे पेले रिकामे करत बसले.

गळेवालीला थंडी वाजते आणि जाणारीला उकडतं, त्यामुळे जाऊबाई कूलरच्या पुढ्यात शाल पांघरून बसलेल्या दिसतात. पण आमच्याकडच्या मे महिन्यात भिंतीलासुद्धा घाम फुटेल अशी अवस्था असते. अशा वेळी एखाद्या बाईला आतून उकडतंय की बाहेरून, हे ठरवायचं कसं? जाऊबाईंनी त्यासाठी मला नेमलं. मी भाजी निवडत असू दे, फोनवर असू दे, आतून हाक येते, “काय वं, हे उकडणं सार्वजनिक हाये का माहं एकटीचं?” मी “सार्वजनिक” म्हटलं की त्यांचं समाधान होतं. “तुमचं एकटीचं” म्हटलं की त्या डोळे मिटून स्वतःकडे अशा लक्ष देतात, की जणू दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कान देऊन ऐकतायत. “छातीतून निघालं... मानेवर आलं... आता कानाले लागलं,” असं धावतं वर्णनही करतात. माझे भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, अशा वेळी पेपर घेऊन गच्चीवर जातात. पेपर कालचा असला तरी जातात.

गळेवालीची रोज सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा अर्ध्या तासानं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पण खरी कमाल त्या करतात ती घराबाहेर. लग्नाच्या मांडवात असोत, एसटीत असोत की हळदीकुंकवाला, शेजारी चाळिशीपुढची बाई दिसली की ओळखदेख नसताना विचारतात, “तुमची गेली का वं? कशी गेली?” बाई आधी दचकते, आजूबाजूला कोणी पुरुष नाही ना बघते, पदर सावरते आणि मग जी सुरू होते ती थांबत नाही. एका लग्नात तर पंगत उठायची वेळ झाली तरी बायकांची एक रांग जागची हलेना. वाढपी बुंदीचं पातेलं घेऊन तसाच उभा आणि ह्या सगळ्याजणी आपापल्या घामाचा जबाब देत होत्या. मला लाज वाटली आणि उत्सुकताही. उत्सुकता जरा जास्तच.

एवढी चौकशी कशासाठी, हे कोडं मला उलगडलं ते यवतमाळच्या डॉक्टरांकडे. जाऊबाईंनी त्यांना धारेवर धरलं होतं. विसरणं कोणाचं, गळ्याचं का पाळीचं? डॉक्टर म्हणाले, दोन्हींचं असू शकतं. “असं कसं डॉक्टरसाहेब, एकीच्या नावावर टाका ना.” डॉक्टर हसले आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, “तुमच्या आईला होता का थायरॉइड?” जाऊबाईंनी पुढचा प्रश्न न विचारताच चिठ्ठी उचलली. बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, “माह्या मायले गावात येडी म्हणत. फुलसावंगीले अजून कोणी माहं माहेर सांगते तं तसंच सांगते, त्या येडीची पोरगी. मी शेंडेफळ. ती तशी कराले लागली अन् मले आत्याकडं पुसदले धाडलं शिकाले. मंग मी कॉलेजात होती, तवा गेली ती.” मग चिठ्ठीची घडी घालत म्हणाल्या, “जे तिले झालं तेच मले होऊन राह्यलं का? हे पाहाले पाह्यजे. कोणी पाह्यलंच नाई वं.”

पुढच्याच रविवारी आम्ही पुसदला गाडी बदलून फुलसावंगीला गेलो. आईच्या शेजारची काशीमावशी अजून होती. दात गेलेले, पण आठवण शाबूत. जाऊबाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि शांतपणे विचारू लागल्या.

“मावशी, माह्या मायचा गळा सुजला होता का?”

“होता ना वं. आम्ही म्हणो, गळ्यातली पोत घट्ट झाली.”

“आवाज?”

“घोगरा झालता. बाप्यावानी.”

“अन् पाळी?”

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. “तवाच तं जाऊन राह्यली होती तिची. पूस म्हैन्याच्या थंडीत आम्ही शेकोटीपाशी, अन् थे पदर टाकून ओट्यावर बसे. घटकाभरानं गोधडी मागे. आम्हाले वाटलं बाहेरचं हाये. तुह्या बापानं अंगारे केले, लिंबं उतरवली. मंग लेकरंबी तिच्याजवळ जाऊ देत नव्हते.”

“ती काय म्हणे?”

“थे काय म्हणल? म्हणे, काशे, मले काय होऊन राह्यलं ते मलेच समजत नाई.”

जाऊबाईंनी मान हलवली. मग सवयीनं, कोणाचाही जबाब संपवताना विचारतात तसं, त्यांनी विचारलं, “आणखी काही सांगायचं हाये का, मावशी?”

“सांगाचं काय,” म्हातारी म्हणाली, “तुले पुसदले धाडलं ना, तं रोज एसटीच्या टायमाले फाट्यावर जाऊन उभी राहे. गाडी जाय, थे वापस ये. लोक म्हणत, निघाली येडी.”

 पुसदला परतताना गाडीत जाऊबाईंच्या शेजारी एक साठीची बाई बसली होती, तिला त्यांनी काही विचारलं नाही.  मी नुसती त्यांच्याकडे चोरून बघत राहिले. स्टँडवर उतरल्याबरोबर त्यांनी मुकुटबनला राहणाऱ्या भावाला फोन लावला. हे भाऊ त्यांच्याहून बरेच मोठे, आता थकलेले. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात जाऊबाई बोलल्या. शेंगदाणेवाला वळून बघायला लागला, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

“दादा, आपली माय येडी नव्हती. तिले नुसतं उकडत होतं, दादा. अन् गळ्याचा आजार होता, माह्यावाला हाये तोच. मी चौकशी केली. समदं सारखं हाये.”

 जाऊबाईंनी फोन कानापासून दूर धरून बघितला, लागलेला आहे ना म्हणून. मग भाऊंचा आवाज मलाही ऐकू आला, म्हाताऱ्या माणसांचा असतो तसा मोठा आणि कापरा.

“मंग तवा औषध होतं का वं त्याचं?”

कोणत्याही प्रश्नाचं उत्तर जाऊबाईंकडे तयार असतं. याचंही होतं.  दिग्रसची गाडी लागली, माणसं जागा धरायला धावली, आम्ही दोघी तिथेच उभ्या.

“होतं, दादा,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळची एक गोळी.”